पॉवर स्टेअरिंगचा आवाज जात नाही? पंप बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटातल्या प्रत्येक वळणावर माझी गाडी कण्हत होती. स्टेअरिंग वळवलं की बॉनेटखालून ‘घूंऽऽ’, सरळ केलं की बंद. पुढच्या चार महिन्यांत तीन गॅरेजं झाली. एकाने ऑइल बदललं, दुसऱ्याने पट्टा बदलला, तिसऱ्याने पंप उतरवून रिकंडिशन केलेला बसवला. दोन दिवस गाडी शांत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू केली आणि तोच आवाज पुन्हा. शेवटी निघालं काय, तर पंपाच्या तोंडाशी बसणारी एक रबरी ओ-रिंग. किंमत 40 रुपये.

त्या चार महिन्यांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम मुद्दाम असा लावला आहे की आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि पंप किंवा रॅक (स्टेअरिंगच्या फिरण्याने आडवा सरकून पुढची चाकं वळवणारा दांडा) सगळ्यात शेवटी. घूंघूं करणाऱ्या पंपाकडे आधी बोट दाखवलं जातं, कारण आवाज तिथूनच येतो. पण आवाज जिथून येतो तिथेच बिघाड असतो असं नाही.

काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल. नसेल तर निदान ऑइलच्या टाकीच्या झाकणावरचा मजकूर वाचून घ्या.
- चांगली टॉर्च, पांढरं सुती कापड, जुना हातमोजा.
- मोठी सिरिंज. जनावरांच्या औषधांच्या दुकानात 50 किंवा 100 मिलिलिटरची मिळते, टाकीतलं ऑइल ओढायला तीच बरी पडते.
- लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर, 10 आणि 12 एमएमचे पाने, पक्कड.
- पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली.
- जॅक आणि दोन स्टँड, फक्त सातव्या पायरीसाठी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.
- मदतीला एक माणूस. तुम्ही बॉनेटपाशी ऐकणार, दुसरं कुणीतरी स्टेअरिंग फिरवणार.

एक ताकीद आत्ताच. इंजिन सुरू असताना बॉनेटखाली वाकताना ओढणी, मोकळे केस, लांब बाही, गळ्यातली साखळी यातलं काही लोंबत राहू देऊ नका. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो, तो न सांगता सुरू होतो.

1. तुमच्या गाडीत ऑइल आहे की मोटर?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पॉवर स्टेअरिंगचे मुख्य प्रकार दोन. हायड्रॉलिक प्रकारात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप असतो, तो ऑइलला दाब देतो आणि त्या दाबाने रॅक सरकायला मदत होते. इलेक्ट्रिक प्रकारात पंप नाही, ऑइल नाही, पट्टा नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावर किंवा रॅकवर मोटर बसवलेली असते. सुझुकीने 1988 मध्ये सर्वो नावाच्या छोट्या गाडीत ही पद्धत आणली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्या याच पद्धतीच्या आहेत.

ओळखायचं कसं? बॉनेट उघडा आणि स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र किंवा ‘पॉवर स्टेअरिंग फ्लुइड’ असं लिहिलेलं झाकण शोधा. टाकी सापडली तर गाडी हायड्रॉलिक. ब्रेक ऑइलची टाकी वेगळी, ती ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भिंतीला लागून असते, तिची गल्लत करू नका. काही गाड्यांत ऑइल असतं पण पंप इलेक्ट्रिक मोटरवर चालतो. त्यांना पट्ट्याची पायरी लागू नाही, बाकीचं बरंचसं लागू आहे.

टाकी नसेल तर दुसरी, तिसरी पायरी वाचून थेट दहावीवर जा.

2. आवाजाला नाव द्या

‘आवाज येतोय’ एवढंच सांगितलं की समोरचा माणूस त्याला सवयीच्या असलेल्या बिघाडाकडे जातो. आपल्या भाषेत आवाजांना शब्दांची कमतरता नाही, त्यांचा उपयोग करा.

घूंऽऽ किंवा कण्हणं. इंजिन वाढवलं की सूर चढतो, स्टेअरिंग वळवलं की जोर वाढतो. ऑइल कमी, ऑइलमध्ये हवा, टाकीच्या तळाची तुंबलेली जाळी किंवा पंप. हा लेख मुख्यतः या आवाजासाठी आहे.

किंचाळी. गाडी सुरू करताच, किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवलं की ‘चींऽऽ’. बहुधा पट्टा घसरतो आहे.

सूंऽऽ. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून धरलं की फुसफुस येते. तिथे पंपातला दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज असतो. हलका असेल तर तो बिघाड नाही. पण शेवटच्या टोकाला स्टेअरिंग 5 सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, ऑइल भराभर तापतं.

ठक् किंवा खट्. खड्ड्यात, गतिरोधकावर किंवा स्टेअरिंगची दिशा बदलताना. हा पुढच्या चाकांजवळच्या सांध्यांचा (टाय रॉड एंड, लिंक रॉड, बॉल जॉइंट) किंवा स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या क्रॉसचा, म्हणजे दांडा वाकतो तिथल्या सांध्याचा असू शकतो. ऑइलशी त्याचा संबंध नाही.

टंग्. गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवलं की पुढून स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज. सस्पेन्शनच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते.

कट-कट-कट. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना, आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा. ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट.

खर्र किंवा कुरकुर, थेट हातातल्या चाकाजवळ. स्टेअरिंगमागची प्लास्टिकची कव्हरं घासत असतील, नाहीतर हॉर्न आणि एअरबॅगची गुंडाळलेली वायर.

एकसारखी भुणभुण. रस्त्यावर वेगाबरोबर वाढते, इंजिन कमी-जास्त केल्याने बदलत नाही. चाकाचं बेअरिंग किंवा टायर.

3. आवाज कशाबरोबर बदलतो?

माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वात मोलाची दहा मिनिटं, आणि एकाही गॅरेजमध्ये ती कुणी दिली नाहीत. मोकळ्या मैदानात किंवा शांत गल्लीत गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला ठेवा.

पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून, चावी एवढीच फिरवा की स्टेअरिंगचं लॉक सुटेल. चाक थोडंसं डावी-उजवीकडे हलवा. इथेच ‘खट्’ आलं तर बिघाड यांत्रिक सांध्यांमध्ये आहे, पंपाचा विषय संपला. मग इंजिन सुरू करा आणि स्टेअरिंगला हात न लावता ऐका. घूंघूं तेव्हाही येत असेल तर पंपाइतकाच अल्टरनेटरवर आणि पट्ट्याच्या पुल्यांवरही संशय ठेवा. आता स्टेअरिंग सरळ ठेवूनच अॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिन दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत न्या. मग आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा.

हे सगळं दोनदा करायचं. एकदा सकाळी थंड गाडीवर आणि एकदा अर्धा तास चालवून आल्यावर. माझ्या गाडीचा आवाज सकाळी सर्वात मोठा असायचा आणि दहा मिनिटांत निम्मा व्हायचा. थंडीत ऑइल जाड असतं आणि रबर कडक, म्हणजे ऑइल ओढताना अडथळा येतो किंवा हवा शिरते, याचा तो सरळ पुरावा होता. मी तो तिन्ही ठिकाणी सांगितला होता.

मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात आरपीएमचा काटा आणि स्टेअरिंगवरचे हात दोन्ही दिसू द्या. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गरम होते आणि आवाज नेमका तिथे येत नाही. तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवा आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावा. मग तसंच अल्टरनेटरवर, मग टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बोल्टवर. खराब बेअरिंगची घरघर थेट डोक्यात ऐकू येते. टोक फिरत्या पुलीपासून आणि पट्ट्यापासून दूर राहील एवढं मात्र पाहा.

4. टाकी उघडा आणि ऑइल नीट पाहा

टाकीवर खुणा असतात, पुष्कळदा थंड आणि गरम अशा वेगळ्या. पातळी कमी असेल तर ऑइल कुठेतरी गेलं आहे, ही बंदिस्त यंत्रणा आहे, त्यात ऑइल जळून संपत नाही. नुसतं भरून पुढे जाऊ नका. पंपाखाली, पाईपच्या सांध्यांवर आणि रॅकच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांमध्ये ओलावा आहे का पाहा. बूट दाबल्यावर आत ऑइल खळखळलं तर रॅकचं सील गेलं आहे.

आता रंग. पांढऱ्या कापडावर दोन थेंब घ्या. लाल ऑइल लालच दिसलं पाहिजे. तपकिरी-काळं आणि जळका वास म्हणजे जुनं झालेलं. गुलाबी-दुधट आणि फेसाळ म्हणजे हवा. कापड उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली तर पंप आतून झिजतो आहे. ही चमक दिसली तर पंपाचा खर्च खरा आहे असं समजून चाला, फक्त पुढच्या पायऱ्याही करा. नाहीतर जुना पंप झिजवणारं कारण नव्या पंपालाही झिजवेल.

एक सोपी परीक्षा मला फार उशिरा कळली. इंजिन चालू असताना टाकीतली पातळी बघून ठेवा, मग इंजिन बंद करून पुन्हा बघा. पातळी 5 मिलिमीटरहून जास्त वर चढली तर ऑइलमध्ये हवा आहे. दाबाखाली आकसलेले बुडबुडे दाब जाताच फुगतात आणि ऑइल वर ढकलतात.

सापळा: चुकीचं ऑइल. सगळी लाल ऑइलं सारखी नसतात. बऱ्याच गाड्यांना डेक्स्रॉन जातीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, चालतं. होंडा आपलंच पॉवर स्टेअरिंग फ्लुइड वापरायला सांगते, ह्युंदाईच्या बऱ्याच हायड्रॉलिक गाड्यांना पीएसएफ-3 किंवा पीएसएफ-4 लागतं, काही युरोपीय गाड्यांना हिरवं सिंथेटिक. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेच घ्या. आणि ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, त्याने स्टेअरिंगची सीलं फुगून निकामी होतात.

ऑइल नुसतं जुनं असेल तर सिरिंजने टाकीतलं ओढून काढा, नवं भरा, दोन-चार दिवस गाडी चालवा, पुन्हा तेच करा. तीन-चार वेळा केल्यावर रंग उजळतो. बहुतेक छोट्या गाड्यांत सगळं मिळून 1 लिटरच्या आसपास ऑइल असतं, तेव्हा 2 लिटर आणून ठेवलंत तर पुरतं. काढलेलं ऑइल बाटलीत भरून गॅरेजला द्या, गटारात ओतू नका.

5. पट्टा

इंजिन बंद. पट्ट्याची आतली बाजू टॉर्चने पाहा. काचेसारखी चमक, भेगा, तुटलेले दात, ऑइलचे डाग शोधा. नव्या जातीच्या पट्ट्यांना सहसा भेगा पडत नाहीत, त्यांच्या खाचा टायरसारख्या झिजतात, म्हणून ‘भेग नाही म्हणजे पट्टा चांगला’ हे आता खरं नाही. ताण हाताने लावायचा असेल तर दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर पट्टा साधारण 10 मिलिमीटर लवावा.

किंचाळी येत असेल तर इंजिन चालू ठेवून लांबून पट्ट्याच्या खाचांवर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पट्टा झिजला आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. पट्ट्यावर मारायचे चिकट स्प्रे मिळतात, ते वापरू नका. आवाज चार दिवस दबतो, धूळ चिकटते, आणि खरं कारण झाकलं जातं.

पंपाचा पट्टा स्वतंत्र असेल तर तो उतरवून इंजिन काही सेकंद चालवता येतं. आवाज गेला तर तो पंपाच्या बाजूचा, राहिला तर दुसरीकडचा. एकच लांब पट्टा सगळं फिरवत असेल तर त्यावर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही असू शकतो. तेव्हा ही चाचणी माहितगार फिटरकडूनच करून घ्या.

6. हवा कुठून शिरते आहे?

इथे थोडा वेळ थांबा, कारण न सुटणारे घूंघूं बहुतेक इथे अडकलेले असतात.

टाकीतून पंपाकडे जाणारा पाईप जाड असतो, त्यात दाब नसतो. उलट पंप त्यातून ऑइल ओढत असतो. पंपातून रॅककडे जाणारा पाईप बारीक आणि मजबूत, त्यात गाडी वळताना फार मोठा दाब येतो. दाबाच्या बाजूला फट पडली तर ऑइल बाहेर उडतं आणि लगेच दिसतं. ओढण्याच्या बाजूला फट पडली तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठेही गळती नाही’ असं ऐकून निश्चिंत होऊ नका. मला तिन्ही ठिकाणी हेच वाक्य ऐकायला मिळालं होतं आणि ते खरंही होतं.

आत शिरलेला हवेचा बुडबुडा पंपाच्या दाबाखाली फुटतो. असे असंख्य बुडबुडे सतत फुटत राहतात, ते आपल्याला घूंऽऽ असं ऐकू येतं. टाकीच्या तळाची जाळी तुंबली असेल तरी असंच होतं, कारण पंप ओढतो पण पुरेसं ऑइल येत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर फिटरमामांकडे मी शेवटी गेले. त्यांनी पंपाला पानाही लावला नाही. इंजिन सुरू ठेवायला सांगितलं, बोटावर ग्रीस घेतलं आणि पंपाच्या तोंडाशी जाड पाईप जिथे बसतो त्या सांध्याभोवती ते गोल फिरवून थापलं. घूंऽऽ हळूहळू खाली आलं, थांबलं. आठ-दहा सेकंद शांतता. मग ग्रीसमध्ये एक बारीक खळगा पडला आणि आवाज परत वर चढला. ते म्हणाले, “ताई, पंप वरडतोय, खरं दोष त्येचा न्हाई. त्येला तेलासंगं वारं जातंय.”

दोन 10 एमएमचे बोल्ट सोडल्यावर आतली ओ-रिंग निघाली. गोल असायला हवी ती वरून-खालून चपटी झालेली, नखाने दाबली तर दबत नव्हती, वाकवल्यावर बांगडीसारखी काडकन मोडली. रिकंडिशन पंप बसवताना तीच जुनी रिंग परत लावली गेली होती.

तुम्ही करायची तपासणी अशी. टाकीपासून पंपापर्यंतच्या जाड पाईपवरून बोट फिरवा, कडक झालेला, भेगा पडलेला भाग शोधा. दोन्ही टोकांच्या क्लिपा पक्क्या आहेत का पाहा. जुन्या स्प्रिंगच्या क्लिपा सैल होतात, तिथे पेच असलेली क्लिप लावा. पाईप आत दबून चपटा होत नाही ना हे इंजिन चालू असताना बघा. मग एकेका सांध्याला ग्रीस लावून आवाज बदलतो का ऐका. पंप जर पट्ट्याच्या फार जवळ असेल, तर इंजिन बंद करून ग्रीस लावा आणि मग सुरू करा. साबणाचा फेस इथे उपयोगाचा नाही, हवा बाहेर येत नसल्याने बुडबुडे दिसणारच नाहीत.

टाकी रिकामी करून तळाची जाळीही पाहा. पुष्कळ गाड्यांत ती टाकीतच पक्की बसवलेली असते, काढता येत नाही. गाळ बसला असेल आणि धुऊन गेला नाही तर टाकीच बदलावी, ती पंपापेक्षा खूप स्वस्त पडते. जाळी फोडून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ऑइलमधला कचरा मग न गाळता पुन्हा पंपात आणि तिथून रॅकमध्ये जातो.

ओ-रिंग घेताना दोन गोष्टी. जुनी रिंग सोबत न्या आणि जाडीसुद्धा जुळवा, नुसता व्यास नाही. आणि ऑइलसाठीची रिंग मागा. नळाच्या कामाच्या काही रिंगा खनिज तेलात फुगतात. सांध्याला गॅस्केटची पेस्ट फासून भागवू नका, तिचे तुकडे सुटून जाळीत अडकतात. ‘गळती थांबवणारी’ म्हणून मिळणारी बाटली टाकीत ओतणं हाही उपाय नाही. ती सीलं फुगवते, काही दिवस बरं वाटतं, मग सीलं आणखी मऊ होऊन जातात.

7. आत गेलेली हवा काढा

फट बुजवली तरी आत शिरलेली हवा आपोआप लगेच जात नाही. दुरुस्ती बरोबर होऊनही ‘आवाज अजून आहे’ असं म्हणून लोक इथे पुन्हा पंपाकडे वळतात.

गाडी सपाट जागी लावा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. इंजिन बंद ठेवून, लॉक सुटेल एवढी चावी फिरवून, स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. दुसऱ्या माणसाने टाकीवर नजर ठेवायची आणि पातळी उतरली की ऑइल घालत राहायचं. टाकी एकदा जरी कोरडी पडली तरी सगळं पहिल्यापासून. बुडबुडे यायचे थांबले की दहा मिनिटं गाडी तशीच राहू द्या. मग इंजिन सुरू करून आयडलिंगला पुन्हा तसंच फिरवा, टोकाला दाबून धरू नका, आरपीएम वाढवू नका. ऑइल फेसाळलं तर इंजिन बंद करा, अर्धा-एक तास थांबा आणि परत करा. माझ्या गाडीला तीन खेपा लागल्या. शेवटची हवा दोन दिवस चालवल्यावर गेली.

8. पाईप कुठे टेकतोय का?

ही छोटी पण हमखास राहून जाणारी गोष्ट. दाबाचा पाईप रबरी पट्टीच्या क्लॅम्पमध्ये बसवलेला असतो. दुरुस्तीनंतर क्लॅम्प लावायचा राहिला आणि पाईप बॉडीला टेकला की पंपाची साधी थरथर सगळ्या केबिनमध्ये घुमते. कुणाला तरी जाड कापड धरून पाईप थोडा बाजूला दाबायला सांगा. आवाज बदलला तर तिथेच आहे.

दाबाचा पाईप फुटल्यावर पुष्कळ जण नवं रबर दाबून जोडून आणतात. दाब सहन होतो, पण काही गाड्यांच्या मूळ पाईपच्या आत ऑइलचे ठोके मवाळ करणारी एक बारीक नळी असते, ती बाहेरच्या कामात राहून जाते. पाईप बदलल्यानंतरच कण्हणं सुरू झालं असेल तर हे लक्षात ठेवा.

9. आता पंप आणि रॅक

ऑइल बरोबर, पट्टा बरोबर, हवा नाही, जाळी स्वच्छ, पाईप मोकळा, आणि तरीही घूंघूं. आता पंपावर खर्च करायला हरकत नाही, पण त्याआधी प्रेशर गेजची (दाब मोजणाऱ्या घड्याळाची) चाचणी मागा. पंप आणि रॅकच्या मध्ये व्हॉल्व्ह असलेला गेज जोडतात. व्हॉल्व्ह काही सेकंद बंद केल्यावर मॅन्युअलमधला दाब मिळाला नाही तर पंप कमजोर. तो मिळाला, पण व्हॉल्व्ह उघडून स्टेअरिंग टोकाला नेल्यावर मिळत नाही, तर रॅक आतून गळतो आहे. व्हॉल्व्ह 5 सेकंदांहून जास्त बंद ठेवायचा नसतो, म्हणून हे काम सवयीच्या माणसाचं.

पंप बदलताना टाकी, जाड पाईप आणि ओ-रिंगा त्याच वेळी बदला आणि जुनं ऑइल पूर्ण धुऊन काढा. जुन्या पंपाची धातूची पूड आत राहिली तर नवा पंप टिकत नाही.

10. इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर

इथे खटखट जास्त, घूंघूं कमी. खराब रस्त्यावर हळू चालवताना स्टेअरिंगच्या दांड्यातून ‘टकटक’ येत असेल तर मोटर आणि दांडा जोडणारं छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं कपलिंग झिजलेलं असू शकतं. ह्युंदाई आणि किआच्या काही गाड्यांत ते ठरलेलं काम आहे आणि कपलिंग वेगळं मिळतं. ‘पूर्ण कॉलम बदलावा लागेल’ असं सांगितलं गेलं तर कपलिंगबद्दल आवर्जून विचारा. दांड्याच्या खालच्या टोकाचा क्रॉसही असाच खटखटतो.

स्टेअरिंग वळवताना हलकी ‘झीं’ ऐकू येणं मोटरचं साधं काम आहे. ती अचानक वाढली, स्टेअरिंग जड झालं, किंवा डॅशबोर्डवर दिवा लागला तर आधी बॅटरी आणि अर्थिंगच्या वायरी तपासा, मग स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. कोडची प्रिंट किंवा फोटो मागून घ्या.

स्टेअरिंगचं चाक आणि त्यामागची कव्हरं घरी उघडू नका. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात.

11. गॅरेजमध्ये जाताना

सोबत न्या: आधीच्या कामांची बिलं आणि जॉब कार्ड, बदललेल्या भागांची नावं, तुमचा व्हिडिओ, आणि तिसऱ्या पायरीतल्या नोंदींचा कागद. वॉरंटी सुरू असेल तर वॉरंटीचं पुस्तक. अशा वेळी वर लिहिलेलं काहीही स्वतः सोडू नका.

फिटरशी बोलताना ‘पंप खराब आहे’ असं आपण होऊन म्हणू नका, तो पंपच बदलेल. असं सांगा: “थंड गाडीला स्टेअरिंग वळवलं की घूं येतं, आरपीएमबरोबर वाढतं, गरम झाल्यावर कमी होतं. इंजिन बंद केल्यावर ऑइल एवढं वर चढतं. पंपाकडे जाणारा पाईप आणि ओ-रिंग पाहिली का?” जॉब कार्डवर तक्रार याच शब्दांत लिहून घ्या.

काढलेला प्रत्येक भाग परत मागा, रबरी रिंगसुद्धा. बिल देण्याआधी थंड गाडीवर परीक्षा घ्यायची आहे असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी तुमच्यासमोर सुरू करता येईल. आणि घरी आल्यावर आठ दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, टाकीची पातळी बघून लिहून ठेवा. मी ती टाकीवरच बारीक मार्करने आखली होती, ती रेघ अजून जागच्या जागी आहे.